विहिरीच्या पाण्याला रकाना नाही

प्लेसमेंटच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या शिबिरात रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाची फाइल समितीसमोर येते ती जाडजूडच असते. पेपरांच्या झेरॉक्स, परिषदांची प्रमाणपत्रं, ओरिएंटेशन, रिफ्रेशर, एनएसएसच्या शिबिराचं पत्र, आणि सगळ्यात वर गुणांचा तक्ता. दिवसभरात अशा कितीतरी फायली उरकायच्या असतात. मग तक्त्याची बेरीज तपासली जाते, नियतकालिकाला आयएसएसएन नंबर आहे का ते पाहिलं जातं, उमेदवार लेखकांत पहिला आहे की तिसरा यावर पेन्सिलची खूण होते आणि फाइल पुढे सरकते. पेपरात आत काय लिहिलंय याची चौकशी होत नाही. ती करायला कोणी सांगितलेलंच नसतं.

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाचं संशोधन असं मोजायचं ठरलं की तो काय काम निवडेल हेही तिथेच ठरून जातं. मापच असं आहे की भरपूर पेपर देणारं काम त्यात भरून दिसतं, आणि इथल्या लोकांच्या उपयोगाचं, जपून केलेलं काम दिसतच नाही. त्यामुळे पेपरांची संख्या, एच-इंडेक्स, इम्पॅक्ट फॅक्टर यांची बेरीज बाजूला ठेवून प्रत्येक उमेदवाराचे पाच पेपर उघडून वाचायची पद्धत विद्यापीठांनी घालून द्यावी. ते जमण्यासारखं आहे, आणि फार खर्चाचंही नाही.

आधी मापाचा हिशेब पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) जुलै २०१८ च्या नियमावलीत विज्ञान शाखेच्या एका पेपरला ८ गुण आहेत. वाढीव गुण नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर: तो नसला तर ५, १ पेक्षा कमी असला तर १०, १ ते २ ला १५, २ ते ५ ला २०, ५ ते १० ला २५ आणि १० च्या वर ३०. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. आता कागद-पेन घ्या. एकट्यानं काम केलं तर त्या पेपरातून १०० टक्के गुण निघतात. दोघांनी केलं तर १४०. पाच जणांची नावं घातली तर ७० अधिक चार वेळा ३०, म्हणजे १९०. एकाच कामातून, काम तसूभरही न वाढता, जवळजवळ दुप्पट गुण. मग विभागातल्या चौघांनी एकमेकांच्या पेपरात नावं टाकली तर त्यात नवल ते काय? कोणाला अप्रामाणिक म्हणायची गरजच नाही, तक्त्यानंच वाट दाखवलेली आहे.

इम्पॅक्ट फॅक्टर हा आकडा मुळात नियतकालिकाचा, लेखकाचा नव्हे. मागच्या दोन वर्षांत त्या नियतकालिकात आलेल्या लेखांना यंदा किती उद्धरणं (म्हणजे पेपरांत संदर्भ म्हणून उल्लेख) मिळाली, भागिले त्या दोन वर्षांतले लेख. ग्रंथालयांनी कोणती नियतकालिकं घ्यावीत हे ठरवायला सोपं जावं म्हणून युजीन गारफील्ड यांनी ही कल्पना रुजवली. गारफील्ड स्वतः रसायनशास्त्राचे पदवीधर होते. ही सरासरी मोजक्या गाजलेल्या लेखांनी ओढून वर नेलेली असते. बहुतेक लेख तिच्या खालीच राहतात. मोठ्या नियतकालिकात छापलेला पण कोणी न वाचलेला पेपर आणि साध्या नियतकालिकातला पण पन्नास ठिकाणी वापरलेला पेपर, या दोघांत तक्ता पहिल्यालाच जास्त गुण देतो.

एच-इंडेक्स निदान माणसाचा असतो. होर्हे हिर्श या पदार्थवैज्ञानिकानं तो २००५ मध्ये मांडला. पेपर उद्धरणांच्या उतरत्या क्रमानं लावायचे आणि कितव्या पेपरापर्यंत उद्धरणं त्याच्या क्रमांकाइतकी किंवा जास्त आहेत ते पाहायचं. समजा एखाद्या मॅडमच्या दहा पेपरांना ४०, २२, ११, ९, ६, ५, ३, १, ०, ० अशी उद्धरणं आहेत. पाचव्या पेपराला ६ आहेत, म्हणजे पाच भरले. सहाव्याला ५ च आहेत, म्हणजे अडलं. एच-इंडेक्स ५. आता त्यांनी पुढच्या पेपरात स्वतःच्याच त्या सहाव्या पेपराचा एक संदर्भ दिला की त्याची उद्धरणं ६ होतात आणि एच-इंडेक्सही ६ होतो. एका ओळीचं काम! उलट पहिल्या पेपराची उद्धरणं ४० वरून ४०० झाली तरी एच-इंडेक्स ५ च राहतो. एखाद्यानं आयुष्यात एकच फार मोठं काम केलं असेल तर या आकड्याला ते कळतच नाही.

त्यात आकडा उद्धरणांच्या कुठल्या ऑनलाइन सूचीतून घेतला यानं फरक पडतो. गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदेच्या पुस्तिका, कुठल्याशा संकेतस्थळावर चढवलेली पीडीएफ असं सगळं धरतं, स्कोपस निवडक नियतकालिकंच धरतं. एकाच माणसाचा एच-इंडेक्स दोन ठिकाणी वेगळा निघतो आणि फाइलीत अर्थातच मोठा लागतो. नावांचा घोळ निराळाच. वानखडे आणि वानखेडे, राऊत एका स्पेलिंगचे आणि दुसऱ्या स्पेलिंगचे, आणि ‘एस. पी. देशमुख’ तर किती असतील ते देवालाच ठाऊक. दुसऱ्याच विभागातल्या देशमुखांचे पेपर आपल्या प्रोफाइलला चिकटलेले असतात आणि ते काढायची घाई कोणाला नसते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे पेपर मात्र दोन प्रोफाइलांत फाटतात आणि त्यांचा आकडा खरा असून कमी दिसतो. यावर २०१२ पासून ऑर्किडचा, प्रत्येक संशोधकाला वेगळा असा, सोळा अंकी क्रमांक आहे, फुकट आहे आणि दहा मिनिटांत निघतो. पेपर पाठवतानाच तो द्यावा, म्हणजे नंतर निस्तरावं लागत नाही.

महाविद्यालयाच्या फाटकावर ‘जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत निवड’ असे फ्लेक्स अलीकडे लागतात. स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसची माहिती वापरून ही यादी काढतात. तो पुरस्कार नाही, तिथे कोणी निवड करत नाही. सहा निर्देशांकांचा एकत्रित गुण काढून क्रम लावलेला असतो. संपूर्ण कारकिर्दीची यादी वेगळी आणि एका वर्षाची वेगळी, हे फ्लेक्सवर येत नाही. स्वतःच स्वतःला दिलेल्या उद्धरणांची टक्केवारीही त्याच तक्त्यात छापलेली असते. अभिनंदनाचा ठराव घेण्याआधी तेवढा एक रकाना पाहावा.

आकड्यांची भूक भागवायला दुकानंही निघाली. पैसे भरा, दोन दिवसांत स्वीकृती, आठवड्यात पेपर ऑनलाइन. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात, विद्यापीठांनी सुचवल्यावरून यूजीसीच्या यादीत गेलेली १,००९ नियतकालिकं तपासली होती. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत असा निष्कर्ष निघाला. नंतर ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली, २०१९ मध्ये यूजीसीचीच निवडक नियतकालिकांची केअर यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून नियतकालिक कसं पारखायचं याचे फक्त निकष दिले गेले. म्हणजे पारखायची जबाबदारी पुन्हा विद्यापीठावर आणि महाविद्यालयावर आली. मोठ्या प्रकाशकाचं नाव पाहून निर्धास्त व्हावं अशीही सोय उरलेली नाही. हिंदवी या प्रकाशकाच्या नियतकालिकांतले ८,००० हून अधिक लेख २०२३ या एका वर्षात मागे घेतले गेले.

या मापानं प्रत्यक्ष रसायनशास्त्राचं काय होतं ते एका उदाहरणावरून पाहू. आपल्याकडच्या महाविद्यालयांत द्रवातला ध्वनिवेग मोजणाऱ्या अल्ट्रासोनिक इंटरफेरोमीटरवरचं काम भरपूर होतं. यंत्र परवडण्याजोगं आहे, रेणूची रचना तपासणाऱ्या एनएमआरसारखं नमुने घेऊन दूर जावं लागत नाही, आणि एका द्रावणाचा ध्वनिवेग व घनता हाती आली की सूत्रांमधून रुद्धोष्म संपीड्यता, आंतररेण्वीय मुक्त लांबी, ध्वनिक प्रतिबाधा, सापेक्ष संयुजन, आभासी मोलर आकारमान असे पाच-सहा रकाने आपोआप भरतात. रेणूवरचा क्लोरो काढून ब्रोमो लावा, द्रावकातलं डायॉक्सेनचं प्रमाण ७० टक्क्यांवरून ८० करा, तापमान बदला. प्रत्येक वेळी नवा पेपर. विषय मुळात वाईट नाही, द्रावणातल्या रेणूंच्या परस्परक्रिया समजून घ्यायची ती एक चांगली रीत आहे. घोटाळा मोजण्यात होतो.

२ मेगाहर्ट्झच्या इंटरफेरोमीटरमध्ये पाण्याला २५ अंशांवर तरंगलांबी पाऊण मिलिमीटर येते. मायक्रोमीटर फिरवत गेलं की दर अर्ध्या तरंगलांबीला, म्हणजे ०.३७ मिलिमीटरला, सुई उसळते. वीस उसळ्या मोजल्या तर परावर्तक सरकतो सुमारे साडेसात मिलिमीटर. मायक्रोमीटरचं लघुतम माप ०.०१ मिलिमीटर असेल तर तेवढ्या एका घराच्या चुकीनं वेगात सेकंदाला २ मीटरचा फरक पडतो. तापमानाचं आणखी वेगळं. या भागात पाण्यातला ध्वनिवेग अंशामागे सुमारे अडीच मीटरनं वाढतो. दुहेरी भिंतीच्या सेलमधून थर्मोस्टॅटचं पाणी फिरत नसेल, किंवा फिरत असताना मध्येच लाइट गेली असेल, तर एप्रिलच्या दुपारी अकोल्यात एक अंश कधी सरकला ते कळणारही नाही. आणि मोजायचं काय आहे? ०.०१ मोलर द्रावणाचा परिणाम. साधं मीठ तेवढ्या प्रमाणात घातलं तर वेग मीटरभरही वाढत नाही. म्हणजे जो फरक शोधायचा त्याच्या दुप्पट-तिप्पट चूक यंत्रात आणि खोलीत बसलेली, आणि तक्त्यात आकडा १५१२.३६ असा दोन दशांशांपर्यंत. त्या दुसऱ्या दशांशावर ‘द्रावक-द्राव्य आकर्षण प्रबळ आहे’ असा निष्कर्ष उभा असतो.

पेपर उघडला तर हे दहा मिनिटांत कळतं. थर्मोस्टॅट किती अंशांपर्यंत स्थिर होता हे लिहिलंय का? शुद्ध पाण्याचा वेग मोजून दाखवलाय का? २५ अंशांवर तो सेकंदाला १४९७ मीटरच्या आसपास यायलाच हवा. प्रत्येक द्रावण किती वेळा मोजलं? गुणांच्या तक्त्यात यातल्या एकाही प्रश्नाला जागा नाही.

दुसरीकडे, यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही तालुक्यांत भूजलात फ्लोराइड आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्यात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे, दर्यापूर-अकोटकडच्या माणसाला तो समजावून सांगायची गरज नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. त्यापुढे वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं की आधी मुलांच्या दातांवर डाग येतात, मग हाडं धरतात. अशा गावाजवळच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचा विभाग असतो, एमएस्सीची पोरं असतात, स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. तिथल्या प्राध्यापकानं शंभर विहिरी आणि हापशा दर वर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये सलग पाच वर्षं मोजल्या तर त्याचा फार तर एक पेपर होईल, तोही बहुधा इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या नियतकालिकात. २०१८ च्या तक्त्यात राज्य सरकारला सादर केलेल्या धोरणविषयक दस्तऐवजाला ४ गुण आहेत. ग्रामपंचायतीला दिलेल्या विहिरींच्या नकाशाला रकानाच नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या एखाद्या अहवालानं हे आकडे वापरले तरी ते उद्धरण स्कोपसमध्ये चढत नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे: हे काय संशोधन झालं का, ही तर रुटीन तपासणी. निम्मा आक्षेप मान्य. दहा विहिरींचं पाणी एकदा आणून, पीएच, टीडीएस, क्लोराइडचा तक्ता छापून ‘पाणी पिण्यास अयोग्य’ म्हणणारे पेपर ढिगानं आहेत आणि त्यांना गुण देऊ नयेतच. पण फ्लोराइड तिथे का आहे, हा प्रश्न अस्सल रसायनशास्त्राचा आहे. कॅल्शियम फ्लोराइड फार कमी विरघळतं. पाण्यात कॅल्शियम लिटरला ४० मिलिग्रॅम असेल तर विद्राव्यता गुणाकारानुसार फ्लोराइड साधारण साडेतीन मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. कॅल्शियम चौपट म्हणजे १६० असेल तर ही मर्यादा निम्म्यावर येते. म्हणून ज्या बोअरच्या पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त, पीएच चढा आणि कॅल्शियम चुनखडीच्या रूपात खाली बसून गेलेलं, तिथे फ्लोराइडला वर चढायला मोकळं रान मिळतं. पन्नास फुटांची विहीर ठीक आणि शेजारची दोनशे फुटांची बोअर वाईट, असं का होतं याचं उत्तर या गणितात सापडू शकतं. ते सापडलं तर पुढची बोअर कुठे आणि किती खोल घ्यायची हे ठरवायला मदत होते. याला रुटीन कोण म्हणेल?

आणि हे काम सोपंही नाही. चुका नेमक्या कुठे होतात ते पाहा. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावा लागतो, काचेत नाही. फ्लोराइड मोजायच्या स्पॅड्न्स पद्धतीत झिर्कोनियम आणि रंगद्रव्याचा लाल रंग फ्लोराइडमुळे फिका होतो आणि ५७० नॅनोमीटरवर तो फिकेपणा मोजायचा असतो. ही पद्धत १.४ मिलिग्रॅमपर्यंतच सरळ चालते. त्यापुढचा नमुना पातळ केल्याशिवाय मोजला तर आकडा खोटा. नमुना आणि प्रमाण द्रावण यांच्या तापमानात दोन अंशांहून जास्त फरक नको. क्लोरीन टाकलेल्या नळाच्या पाण्यातला क्लोरीन आधी घालवावा लागतो. आणि सगळ्यात मोठी मेख अ‍ॅल्युमिनियमची.

तुरटी आणि चुन्यानं फ्लोराइड काढायची पद्धत नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं विकसित केली. नालगोंडा तंत्र हे तिचं नाव. पाण्यात चुना, तुरटी आणि थोडी ब्लीचिंग पावडर घालायची, आधी जोरात आणि मग हळू ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी गाळून घ्यायचं. बादलीतही होतं, टाकीतही होतं. तुरटी किती लागेल ते फ्लोराइडबरोबर पाण्याच्या क्षारतेवरही ठरतं. अंदाज चुकला तर पाण्यात अ‍ॅल्युमिनियम उरतं. हे उरलेलं अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइडला धरून ठेवतं आणि स्पॅड्न्समध्ये रंग फिका होऊ देत नाही. लिटरला ०.१ मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियमसुद्धा फ्लोराइडचा आकडा सुमारे ०.१ नं खाली आणतं. म्हणजे तुरटीनं शुद्ध केलेलं पाणी ऊर्ध्वपातन न करता थेट स्पॅड्न्सनं मोजलं तर फ्लोराइड कमी झाल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात त्यातलं काही अजून पाण्यातच असतं. ‘तुरटी प्रक्रियेने फ्लोराइड निर्मूलन’ अशा शीर्षकाचा पेपर हातात आला की सर्वात आधी पद्धतीचा परिच्छेद पाहावा. इलेक्ट्रोडनं मोजलं असेल तर बफरात सीडीटीए होतं का ते पाहावं, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या तावडीतून फ्लोराइड सोडवायचं काम तेच करतं. तसं नसेल तर त्या पेपराला शंभर उद्धरणं असली तरी त्या पाण्याचा पेला कोणाला देऊ नये.

सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर गाड्या मोजून भाव लावत नाही. कापसात हात घालतो, ओल बघतो, धागा ओढून पाहतो. संशोधनाला तेवढा तरी मान द्या.

वाचायचं म्हणजे काय करायचं, तेही सांगतो. उमेदवारानं स्वतःच्या मते सर्वोत्तम असे पाच पेपर निवडून द्यावेत आणि प्रत्येकात आपण नेमकं काय केलं ते चार ओळींत लिहावं: संयुग बनवलं, मोजमाप घेतलं, की नुसतं नाव दिलं. वाचणारा त्याच शाखेतला हवा, सेंद्रियवाल्याला भौतिक रसायनाची फाइल देऊन उपयोग नाही. पाण्याचा पेपर असेल तर आधी आयनांचा ताळा करावा. समजा एका ओळीत कॅल्शियम ४०, मॅग्नेशियम २४, सोडियम ११५ मिलिग्रॅम आहे. मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे आयनांच्या विद्युतभाराच्या हिशेबात, ते होतात २, २ आणि ५, एकूण ९. त्याच ओळीत बायकार्बोनेट ३०५, क्लोराइड २१३, सल्फेट ४८ असेल तर ५, ६ आणि १, एकूण १२. धन आणि ऋण भारात फरक १४ टक्क्यांचा. चांगल्या विश्लेषणात तो साधारण ५ टक्क्यांच्या आत हवा. म्हणजे कुठलं तरी टायट्रेशन चुकलंय किंवा आकडा बसल्या जागी लिहिलाय. अशा पाच ओळी तपासल्या की पेपराची नाडी कळते.

संयुगं बनवण्याचा पेपर असेल, आणि आपल्याकडे चाल्कोन, फ्लॅव्होन, पायरॅझोलिन या सेंद्रिय संयुगांची परंपरा जुनी आहे, तर प्रोटॉन एनएमआरमधले हायड्रोजन मोजावेत. रेणूत सोळा आणि यादीत चौदा असतील तर दोन कुठे गेले? चाल्कोनच्या दुहेरी बंधावरचे दोन प्रोटॉन ट्रान्स असले की १५ ते १६ हर्ट्झचं कपलिंग दाखवतात. ते ८ लिहिलेलं असेल तर थांबून विचारावं. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचं विश्लेषण गणितापासून ०.४ टक्क्यांच्या आत हवं, पण वीसच्या वीस संयुगांचं अगदी ०.०२ मध्ये बसत असेल तर तेही संशयास्पदच. शेवटी ‘जीवाणुरोधक क्रिया’ चिकटवलेली असते. तिथे फक्त डीएमएसओ हा द्रावक घातलेली चकती आणि प्रमाण औषधाची चकती होती का एवढं पाहावं. नसेल तर तो भाग गाळून वाचावा.

एवढ्याला एका पेपरामागे अर्धा तास लागतो. निष्कर्ष अर्ध्या पानात, स्वतःच्या सहीनं लिहायचा.

खरा आक्षेप वेळेचा नाहीच. तो असा: आकडे काढून घेतले तर उरेल काय? संस्थाचालकाचा पुतण्या, जातीचा माणूस, साहेबांचा फोन. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबलेल्या, ओळखपाळख नसलेल्या शेतमजुराच्या मुलाला आज निदान एवढं म्हणता येतं की माझे गुण जास्त आहेत, मला का डावललं. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडच्या भरत्या कशा होतात हे माहीत असलेला कोणीही तो नेणार नाही. पण आकड्यांनी त्या मुलाला खरंच वाचवलंय का? पैसे भरून पेपर छापायची ऐपत त्याची नाही. लाखाच्या घरातलं ओपन अ‍ॅक्सेसचं शुल्क तर विचारूच नका. पाच जणांच्या पेपरात नाव घालून घ्यायला गोतावळा लागतो, तोही पुतण्याकडेच जास्त. आकडा दिसतो निःपक्ष, पण तो विकत मिळतो. वाचनावर पक्षपाताचा आरोप होऊ शकतो, म्हणून तर सही हवी आणि तो अभिप्राय विद्यापीठाच्या संकेतस्थळावर उघडा टाकायला हवा. चुकीच्या पेपराला कोणी चांगलं म्हटलं तर पुढच्या वर्षी एमएस्सीचा विद्यार्थीही आयनांचा ताळा करून त्याची चूक दाखवू शकेल. बेरजेच्या तक्त्यावर असा जाब कोणालाच विचारता येत नाही.

कामाची परिस्थितीही वाचणाऱ्याच्या समोर हवी. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन, वर परीक्षा, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली, प्रवेश, निवडणुकीचं काम. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात खोली ४२ अंशांवर असते आणि ईथर ३४.६ लाच उकळतं, डायक्लोरोमिथेन ३९.६ ला. तिथे मार्च ते जून साधं निष्कर्षणही जिवावर येतं. एनएमआरसाठी पाच-दहा मिलिग्रॅम पावडर मुंबई, लखनऊ, चंदीगडला पाठवून वाट पाहायची. नियतकालिकं वाचायचीही पंचाईत आहे. ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आणि तिला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर आहेत. पण ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. आपल्याकडची बहुतेक महाविद्यालयं खासगी शिक्षण संस्थांची, अनुदानित. आपलं नाव त्यात बसतं का हे प्राचार्यांना आधी शोधावं लागतं. अशा ठिकाणच्या माणसाचा एच-इंडेक्स पुण्याच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या माणसाच्या शेजारी ठेवून पाहण्यात अर्थ नाही.

यूजीसीनं जानेवारी २०२५ मध्ये काढलेल्या मसुद्यात गुणांच्या बेरजेऐवजी नऊ क्षेत्रांपैकी किमान चारांत लक्षणीय योगदान पाहावं असं सुचवलं होतं. त्या नऊंत प्रयोगशाळा उभारणी आणि समाजाशी निगडित कामही आहे. दिशा बरी आहे. पण ‘लक्षणीय’ म्हणजे काय हे कोणी वाचून ठरवणार नसेल तर तिथेही ग्रामसभेतल्या फोटोची झेरॉक्स लागेल.

नागपूर, अमरावती आणि गडचिरोली या तीन विद्यापीठांनी ठरवलं तर दिल्लीची वाट न पाहता तीन गोष्टी करता येतील. एक, वाचणाऱ्यांची यादी एकत्र करायची आणि अमरावतीची फाइल गडचिरोलीच्या, गडचिरोलीची नागपूरच्या माणसाकडे द्यायची. त्यामुळे ओळखीचा धागा पुरता तुटत नाही, पण लांबतो. दोन, एका पेपरावर सगळ्या लेखकांना मिळून १०० टक्क्यांहून जास्त श्रेय नाही, आपापला वाटा लेखकांनीच लिहून द्यायचा. यूजीसीचा गुणतक्ता भरावाच लागणार असेल तर भरावा, पण विद्यापीठाचा अभिप्राय या वाट्यावर ठरावा. तीन, विहिरींची, मातीची, फवारणीच्या अवशेषांची मोजमापं जर ठिकाण, खोली, तारीख, पद्धत, ब्लँक (नमुन्याविना घेतलेलं मोजमाप) आणि माहीत मात्रा घालून काढलेली वसुली यांसकट उघडी ठेवलेली असतील, तर तो संच एका पेपराइतका धरायचा आणि पेपरासारखाच वाचायचा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा परिसरातल्या पाण्यात आणि मातीत आधी काय होतं हे सांगणारी जुनी मोजमापं कोणी मागितली असती तर ती कुठल्या महाविद्यालयाकडे मिळाली असती, हा प्रश्न प्रत्येक विभागानं आपापल्या कपाटाला विचारावा. निवृत्त सरांच्या नोंदवह्या बहुधा रद्दीत जातात.

हे सुरू करायला नवं यंत्र लागत नाही. अभिप्राय लिहिणाऱ्याला दर फाइलमागे मानधन द्यावं लागेल, आणि पाच पेपरांचे अडीच तास धरले तर एका माणसाकडे दिवसाला तीनहून जास्त फायली देता येणार नाहीत. शिबिर दोन दिवसांऐवजी आठवडाभर चालेल, एवढंच.